त्रेचाळीस टक्क्यांची हमी

'नाही' हा शब्द आमच्या आत्याने उभ्या आयुष्यात ऐकला नाही. म्हणजे तिच्या कानांवर तो पुष्कळदा पडला. दुकानदार म्हणाले, कंडक्टर म्हणाले, रेशन ऑफिसातले साहेब म्हणाले, एकदा तर दाताचा डॉक्टर तिचा जबडा हातात धरून म्हणाला. पण कानातून आत जाताना तो शब्द वाटेत कुठेतरी बदलायचा आणि आत पोचेपर्यंत त्याचा अर्थ 'जरा थांबा' असा झालेला असायचा. मग आत्या थांबायची. भांडण नाही, आरडाओरडा नाही. समोरच्या माणसाला स्वतःचं 'नाही' गिळायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ती प्रसन्न चेहऱ्याने नुसती उभी राहायची. अंधेरी स्टेशनाबाहेरच्या दुकानातून तिने एकदा छत्री घेतली. दुसऱ्याच दिवशी छत्रीची काडी निखळली. "बदलून मिळणार नाही," दुकानदार म्हणाला. आत्याने ती छत्री दुकानाच्या दारातच उघडली आणि तिच्याखाली उभी राहिली. दार अरुंद, छत्री मोठी. आतली गिऱ्हाइकं आत, बाहेरची बाहेर. "बाई, बाजूला व्हा ना," असं तो काकुळतीने म्हणाला तेव्हा ही म्हणते, "होते की. नवीन छत्री कोरडी राहील अशी जागा बघून उभी राहते." पाऊण तासात तिला नवी छत्री मिळाली, वर चहा मिळाला, आणि पुढे त्याच दुकानदाराच्या मुलीच्या लग्नाला ती स्टीलचा डबा घेऊन आहेर करून आली.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही हे घरात कोणी बोलत नसे, आणि तिला विचारण्याची कोणाची छाती नव्हती. जोगेश्वरीला, पूर्वेला, लेण्यांच्या बाजूच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. त्यांतल्या बाहेरच्या खोलीत ट्रंकेच्या आणि शिलाई मशीनच्या मधे तिचा बिछाना. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात ती गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरायचं काम करी. शिक्षण कुडाळजवळच्या गावी चौथीपर्यंत. त्या चौथीचा तिला इतका अभिमान होता की वाचता येईल ते सगळं ती मोठ्याने वाचून दाखवी. तिच्याबरोबर बसने जाणं म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या ऐकत जाणं. "स-ह-का-री बँक. दं-त-वै-द्य. येथे ल-घ-वी करू नये." शेवटच्या पाटीला सगळी बस वळून बघायची आणि मी खिडकीत तोंड खुपसायची. अनोळखी माणसाशी बोलायला तिला तीन मिनिटं पुरत. पहिल्या मिनिटात गाव, दुसऱ्यात मुलंबाळं, तिसऱ्यात आजार; आणि आजार कळला की त्यावरचा काढाही ती लगेच सांगून टाकी. गोळ्या भरणाऱ्या कारखान्यात वीस वर्षं काम केलेल्या तिचा गोळ्यांवर मात्र काडीचा विश्वास नव्हता. म्हणायची, "भरतंय ना मी, माका म्हायत आसा."

गिरण्यांचा संप होऊन वर्ष उलटलं होतं, त्या जूनमध्ये माझा दहावीचा निकाल लागला. बाबांची गिरणी बंद पडली ती पडलीच. ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले होते आणि तिथल्याच शेजारच्या गाळ्यात माझ्यासाठी पंख्याच्या कॉइल गुंडाळायचं काम त्यांनी बोलून ठेवलं होतं. निकाल फक्त रीतीपुरता बघायचा होता. त्रेचाळीस टक्के. इंग्रजीत पस्तीस, गणितात सदतीस. आई चुलीकडे वळली, बाबा म्हणाले, "चला, सोमवारपासून गाळ्यावर." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पण आत्या नुकतीच पाळीवरून आली होती. तिने गुणपत्रिका हातात घेतली, सगळे विषय मोठ्याने वाचले, आणि बाबांना म्हणाली, "शंभर आंब्यांतले त्रेचाळीस चांगले निघाले तर तू काय पेटी फेकून देतंस? ही पोरगी कॉलेजात जातली." बाबा म्हणाले, "अगो, त्रेचाळीसला कोण घेणार हिला?" त्यावर आत्याने फक्त आपली पिशवी खुंटीला लावली. बाबा 'कोणी घेणार नाही' असं म्हणाले होते. तिने 'जरा थांबा' ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. वर्षाची सगळी रजा ती गणपतीसाठी राखून ठेवी. आमचा गणपती गावच्या घरी, आणि मुंबईला आल्यापासून एकही चतुर्थी तिने चुकवलेली नव्हती. मी तसं म्हटलंही, "आत्या, गणपतीचं काय?" तर म्हणाली, "देवाक सांगलंय, यंदा माझी वाट बघू नको." मग आम्ही दोघी निघालो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जेवढी कॉलेजं होती तेवढ्यांच्या पायऱ्या आम्ही चढलो. तेव्हा प्रत्येक कॉलेजाचा फॉर्म वेगळा, रांग वेगळी, फळ्यावरच्या याद्या वेगळ्या. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी. त्यांतला शेवटचा आकडा माझ्या आकड्याच्या कितीतरी वर. आत्या प्रत्येक यादी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत मोठ्याने वाची. मागे मुलं खिदळत. माझं नाव नाही हे कळल्यावरही ती यादी संपवूनच हले, म्हणे, "बाकीच्यांची नावं तरी बघूया, कोणकोण लागली." एका कॉलेजच्या दारावर 'प्रवेश बंद' अशी पाटी होती. तिने ती वाचली आणि शिपायाला विचारलं, "बंद ते जेवणाच्या सुट्टीपुरतं का?" एका ठिकाणी खिडकीतला कारकून वैतागून म्हणाला, "अहो, सीटच नाहीये!" आत्या खिडकीतून आत डोकावून त्याच्या मागच्या रिकाम्या खुर्च्या मोजायला लागली. मी तिचा पदर ओढत होते. लाजेने माझे कान तापले होते. त्या आठ दिवसांत मी तिच्यापासून चार पावलं मागे चालायला शिकले.

शेवटी एक कॉलेज राहिलं. त्याचं नाव सांगत नाही. शाळेच्याच इमारतीत वरच्या दोन मजल्यांवर भरणारं, नवीन निघालेलं. तिथेही यादी अठ्ठेचाळीसला बंद झालेली. प्राचार्य भेटत नाहीत असं शिपायाने सांगितलं, तेव्हा आत्या त्याच्या स्टुलावर बसली. बिचारा शिपाई चार दिवस उभा होता. पहिल्या दिवशी तिने त्याचं गाव काढलं, देवगडकडचं निघालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या हेडक्लार्कचं पित्त तिच्या कानावर आलं. तिसऱ्या दिवशी तिने बाटलीत आमसुलांचं पाणी भरून आणलं आणि समोर उभं राहून त्यांना पाजलं. चौथ्या दिवशी हेडक्लार्क स्वतः आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "या, पण दोनच मिनिटं."

प्राचार्य सावळे, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. माझी गुणपत्रिका त्यांनी लांब धरून पाहिली.

"बाई, आमची यादी अठ्ठेचाळीसला बंद झाली."

"हो, वाचली मी खाली. सगळी वाचली."

"मग?"

"मग म्हटलं, यादीत नाव नाही तर मुलगीच दाखवावी."

त्यांना हसू आलं असावं. त्यांनी ते गुणपत्रिकेमागे लपवलं. "इंग्रजीत पस्तीस. अगदी काठावर आहे."

"काठावर का असेना साहेब, पडली नाही ना?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत्तापर्यंत कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुला शिकायचंय का गं?"

मी खाली बघत होते. आत्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो तिने सेफ्टी पिनेने जोडला होता. आठ दिवसांच्या पायपिटीत तुटलेली ती चप्पल. मी म्हटलं, "हो."

त्यांनी पेन उचललं, पण ते टेकवेनात. म्हणाले, "असे विद्यार्थी घेतो, आणि मग ते टिकत नाहीत. बारावीचा निकाल खाली येतो, आम्हाला वर उत्तर द्यावं लागतं." आत्या खुर्चीवरून उठली. ऑफिसात ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करी, पण त्या क्षणी तिला ते जमलं नाही. "साहेब, मी हमी देतंय. ही पोरगी बारावीक साठ टक्के काढतली. नाय काढल्यान तर माका बोलवून घ्या. तिका नको, माका." त्यांनी सही केली.

ती गोष्ट चाळभर झाली. आत्याने पेढे नाही, पण खोबऱ्याच्या वड्या केल्या आणि खालच्या खोलीपासून वरच्या खोलीपर्यंत स्वतः वाटल्या. मला नव्या वह्यांची चळत आणि खांद्याला लावायची पिशवी आणली. आणि मी कॉलेजात गेले.

मी तिथे वाईट काही केलं नाही. नुसतं काहीच केलं नाही. इंग्रजीच्या तासाला मला पहिल्याच आठवड्यात काही कळेनासं झालं आणि कळत नाही हे कोणाला सांगण्यापेक्षा तासाला न बसणं सोपं होतं. दोन मैत्रिणी मिळाल्या, त्याही माझ्यासारख्याच. आम्ही जिन्याखाली बसायचो, अंधेरीच्या बाजारात बांगड्या बघत फिरायचो, कुठल्यातरी स्टुडिओच्या फाटकाशी नट दिसेल म्हणून तासन् तास उभ्या राहायचो. दिसला कधी नाही. संध्याकाळी घरी आले की आत्या पाळीवरून येऊन पाय पसरून बसलेली असायची. पायांना तेल चोळता चोळता विचारायची, "आज काय शिकवल्यानी गो?"

हा प्रश्न ती रोज विचारायची. ती परीक्षा नव्हती. तिला खरोखरच ऐकायचं असायचं. चौथीनंतर वरच्या वर्गांत काय सांगतात, याचं तिला फार कुतूहल होतं. पहिले काही दिवस मी खरं ते सांगितलं. नंतर सांगण्यासारखं उरलं नाही, तेव्हा बनवायला लागले. अर्थशास्त्राच्या सरांनी हे सांगितलं, मानसशास्त्राच्या बाईंनी ते सांगितलं. आत्या हात थांबवून ऐकायची. मधेच "अरे देवा!" म्हणायची. मग दुसऱ्या दिवशी कारखान्यात खोकी भरता भरता ते सगळं ती बायकांना सांगायची, हे मला माहीत होतं, आणि तरी मी बनवत राहिले. एकदा सुचेना, तर म्हटलं, "इतिहासाच्या सरांनी सांगितलं, आपल्या जोगेश्वरीच्या लेण्यांतून थेट वर्सोव्याच्या समुद्रापर्यंत भुयार आहे. इंग्रजांनी ते बुजवलं." आत्या इतकी खूश झाली की तिने तेलाची वाटी उपडी केली. इतकी वर्षं आपण त्या भुयाराच्या बाजूलाच झोपतोय!

दोन दिवसांनी ती जरा गप्प दिसली. आईने विचारल्यावर कळलं. तिने भुयाराची गोष्ट सांगितली तेव्हा नवा सुपरवायझर तिथेच उभा होता, पदवीधर. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "मावशी, कुठल्या कॉलेजात शिकवतात हे?" सगळी लाइन हसली. आता मी सांगून टाकेन, असं मला वाटलं. ओठांपर्यंत आलंही होतं. तेवढ्यात आत्याच म्हणाली, "त्या सुपरवायझराक काय्येक म्हायत नाय. हिच्या सरांनी सांगितल्यानी म्हणजे खराच आसतला." आणि माझ्या ताटात तिने मोठा मासा वाढला. तो मासा मी खाल्ला. आयुष्यात बरंच काही विसरले, त्या माशाची चव विसरले नाही.

बारावीला मी इंग्रजी आणि अर्थशास्त्रात नापास झाले. निकाल घेऊन आले तेव्हा आत्या घरीच होती. तिने नेहमीसारखी गुणपत्रिका घेतली. पण वाचली मनातल्या मनात. तिला मनातल्या मनात वाचता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मग ती एवढंच म्हणाली, "जेवून घे." मी वाट बघत होते की आता ती चिडेल, किंवा ऑक्टोबरचा फॉर्म भर म्हणेल, बोर्डाच्या ऑफिसात जाऊन स्टुलावर बसेल. तिने तसलं काही केलं नाही. संध्याकाळी 'आज काय शिकवलं' हा प्रश्न विचारायचं कारण उरलं नव्हतं. ती तेल चोळत भिंतीकडे बघत बसायची. मी टायपिंगच्या क्लासला गेले, मग एका छोट्या कंपनीत चिकटले. तिसऱ्या वर्षी तिचा कारखाना गुजरातेत हलला. आत्या हिशेब घेऊन गावी गेली, एरवी गणपतीपुरतंच उघडणारं घर कायमचं उघडून राहायला लागली. तिला सोडायला मी एसटीपर्यंत गेले होते. आम्ही दोघी भाताच्या लावणीविषयी बोललो.

त्यानंतर वर्षभराने माझी नोकरी कायम व्हायची होती आणि कंपनीला माझा कॉलेजचा दाखला हवा होता. तो मी इतके दिवस आणलाच नव्हता. मी गेले. ऑफिसात तेच हेडक्लार्क होते, केस पिकले होते. माझं आडनाव वाचून त्यांनी चष्मा वर केला.

"आमसुलवाल्या आत्यांची तू ना?"

मी हो म्हटलं.

"कशा आहेत? त्या शेवटच्या आल्या त्यानंतर दिसल्या नाहीत."

"ती परत कधी आली होती?" मी विचारलं.

मग हातातलं रजिस्टर मिटून त्यांनी सांगितलं. माझा निकाल लागल्याच्या तिसऱ्या दिवशी, पाळी संपवून, आत्या तिथे आली होती. शिपायाने ओळखून लगेच स्टूल पुढे केलं तर बसली नाही. प्राचार्यांची मीटिंग चालली होती; दोन तास ती भिंतीला टेकून उभी होती. आत गेल्यावर म्हणाली, "तुम्ही बोलवणार होतात, बोलवलात नाही. म्हणून मीच आले." प्राचार्यांना काही आठवेना. हेडक्लार्कनी आठवण करून दिली. तेव्हा प्राचार्य म्हणाले, "अहो बाई, किती मुलं नापास होतात. तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? बसा, चहा घ्या." ती बसली नाही, चहाही तसाच राहिला. हात जोडून म्हणाली, "माझा शब्द खोटा झाला. मला काय बोलायचं ते बोला. पण साहेब, पुढच्या वर्षी कमी मार्कांची एखादी पोर दारात आली तर आमच्या पोरीकडे बघून तिला परत पाठवू नका. तिची वाट लागू नये आमच्यापायी."

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार? उभे राहिले," हेडक्लार्क म्हणाले. "शिपायाने सांगितलेलं, जिन्यापर्यंत सोडायला गेले होते म्हणून."

दाखला मिळाला. मी तो पिशवीत घातला आणि जिन्यावर थोडा वेळ बसले. वरच्या मजल्यावर कुठलासा तास चालला होता, मुलं एका सुरात काहीतरी म्हणत होती.

त्या वर्षी गणपतीला मी गावी गेले. विसर्जन झालं, पाहुणे पांगले, आणि दुपारी आत्या मागच्या पडवीत काकड्यांच्या बिया वाळत घालत बसली होती, तेव्हा मी तिला सांगितलं. सगळंच सांगितलं. जिन्याखालचं, बांगड्यांचं, स्टुडिओच्या फाटकाचं, भुयाराचं. हेडक्लार्क काय म्हणाले तेही. ती बिया पसरत राहिली. पहिल्यांदा ती हेडक्लार्कवर चिडली. "त्या मेल्याक सांगूक कोणी सांगितलेला? पित्त बरा केलंय तेचा, आणि ह्यो चुगल्या करता." मग तिने सुपातल्या बिया बोटांनी सारख्या केल्या. मला वाटलं, आता बोलेल. आता माझं जे व्हायचं ते होईल.

"तू नापास झालंस तेचा माका वाईट वाटूक नाय," ती म्हणाली. "वाईट येगळ्याच गोष्टीचा वाटला. त्या साहेबानी तुका इचारल्यानी, शिकूचा आसा काय म्हणून. मी कधी तुका इचारूकच नाय गो. आठ दिवस फिरवलंय, पण इचारूक नाय."

तिने विचारलं असतं तरी मी तिलाही 'हो'च म्हणाले असते, हे मला तिथे बसल्या बसल्या स्पष्ट दिसत होतं. पण तेवढं एक मी तिला सांगितलं नाही. त्या अपराधातला थोडा वाटा तिला स्वतःकडे ठेवायचा होता, तो मी तिच्याकडे राहू दिला.

"मग तुका काय करूचा होता?" तिने विचारलं. अगदी सरळ, खरोखर ऐकायचं असल्यासारखं.

"माहीत नाही, आत्या," मी म्हटलं.

तिने मान हलवली. सूप उचलून तिने पडवीच्या कडेला जरा सरकून घेतलं आणि माझ्यासाठी जागा केली. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत तिथे बसलो. ती त्यानंतर तीन वर्षं होती. दर चतुर्थीला मी जात राहिले, आणि दर वेळी वाटायचं, त्या प्रश्नाचं काहीतरी खरं उत्तर घेऊन जावं. ते मला सापडलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.